मूलपेशींच्या संशोधनाची वाट आणि घरातला रुग्ण

‘मी गडचिरोली जिल्ह्यातील एका गावात राहते आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. माझा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ सिकलसेलग्रस्त आहे. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, आहोत. थंडीच्या दिवसांत त्याचे हातपाय दुखू लागले, की घरात रात्रभर कोणी झोपत नाही. जनुकात दुरुस्ती करून हा आजार बरा करता येतो असे मी वाचले आणि तेव्हापासून स्टेम सेल व जीन थेरपीमध्येच संशोधन करायचे असे मनाशी ठरवले आहे. एका खासगी संस्थेने स्टेम सेलचा एक वर्षाचा डिप्लोमा सुचवला आहे; त्याची फी दीड लाख रुपये आहे. दुसरीकडे, एका शहरातील दवाखान्यात स्टेम सेलच्या इंजेक्शनाने सिकलसेल बरा होतो असे नातेवाइकांनी सांगितल्यामुळे बाबा एक एकर धानाची शेती विकण्याच्या विचारात आहेत. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे. मी डिप्लोमा करावा की एम.एस्सी.? माझ्यासारखीला या क्षेत्रात प्रवेश मिळेल का? आणि माझ्या भावासाठी मी वेळेत काही करू शकेन का?’

तुमचे पत्र वाचताना नजर पहिल्यांदा अडली ती तुमच्या तीन प्रश्नांवर नाही, तर मध्येच येऊन गेलेल्या शेतीच्या वाक्यावर. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. बाबांना शेत विकू देऊ नका. हे मी भीड न ठेवता लिहीत आहे, कारण शिक्षणाचा निर्णय दोन महिने पुढे गेला तर फारसे बिघडणार नाही; विकलेली जमीन मात्र परत मिळत नाही.

ते इंजेक्शन का उपयोगी पडणार नाही हे बाबांना समजावून सांगता यावे, यासाठी थोडे खोलात जाते. सिकलसेलचे मूळ एका जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे. त्या बदलामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. मग प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्यांसारखे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तांबड्या पेशी जिथून जन्माला येतात त्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, हाडांच्या आतील मज्जेत राहतात, आणि त्या प्रत्येक मूलपेशीत तोच बदल असतो. भावाच्याच मूलपेशी काढून त्याला परत टोचल्या, तर दोष जसाच्या तसा परत जातो. चरबीतून किंवा नाळेच्या ऊतीतून काढलेल्या पेशी टोचल्या, तर त्या रक्त तयार करणाऱ्या जातीच्याच नसतात. आणि दुसऱ्याच्या निरोगी रक्तमूलपेशी न जुळवता, मज्जेत आधी जागा न करता नुसत्या टोचल्या, तर भावाचे शरीर त्यांना टिकू देणार नाही. यांपैकी कोणत्याही मार्गाने एका इंजेक्शनात सिकलसेल बरा होऊ शकत नाही.

आपल्याकडचा नियमही स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या मान्यताप्राप्त आजारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अशी प्रत्येक चाचणी भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर नोंदवलेली असावी लागते. ही नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. त्या दवाखान्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: तुमच्या उपचाराचा सीटीआरआय क्रमांक काय? क्रमांक मिळाला नाही, किंवा क्रमांक असूनही पैसे मागितले, तर विषय तिथेच संपला असे समजा.

मात्र सिकलसेल मूलपेशींनी बराच होत नाही, असा याचा अर्थ बाबांनी घेऊ नये. तो बरा होतो, आणि तोही चाळीसहून अधिक वर्षांपासून माहीत असलेल्या मार्गाने. १९८४ साली अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील डॉक्टरांनी एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिला ल्युकेमिया झाला होता म्हणून तिच्या भावाची अस्थिमज्जा तिला दिली गेली. तिला सिकलसेलही होता, आणि प्रत्यारोपणानंतर तोही नाहीसा झाला. या हकिकतीतील तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की मज्जा देणारा तिचा तो भाऊ तुमच्यासारखाच वाहक होता. वाहक असणे दात्याच्या आड येत नाही. सख्ख्या भावंडांची एचएलए चाचणी, म्हणजे दोघांच्या ऊती किती जुळतात हे पाहणारी तपासणी, पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केले, आणि आज देशातील अनेक केंद्रांवर ते होते. प्रत्यारोपणाआधी मज्जा रिकामी करणारी तीव्र औषधे द्यावी लागतात, संसर्गाचा धोका असतो, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात, आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे तुमच्या भावाला त्याची गरज आहे की नाही, हे रक्तविकारतज्ज्ञच ठरवतील. पण तुमची आणि त्याची एचएलए चाचणी करावी का, हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. लहान वयात केलेल्या प्रत्यारोपणाचे निकाल मोठ्या वयातल्यापेक्षा चांगले असतात, हेही विचारताना ध्यानात ठेवा.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट पाहा. तुमच्या पत्रात हायड्रॉक्सियुरियाचा उल्लेख नाही. हे स्वस्त औषध आहे. ते नियमाने घेतले तर अनेक रुग्णांत वेदनेचे झटके कमी होतात, मात्र त्यासाठी ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करून मात्रा ठरवावी लागते. भाऊ ते घेत नसेल, तर का घेत नाही, हे जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना विचारा. घेत असेल आणि तरीही हिवाळा असाच जात असेल, तर मात्रा पुरेशी आहे का, ते विचारा. पुष्कळदा मात्रा सुरुवातीला ठरली तीच वर्षानुवर्षे राहते, आणि मुलाचे वजन मात्र वाढलेले असते.

हायड्रॉक्सियुरिया कसे काम करते ते समजले, की तुम्हाला ज्या संशोधनात जायचे आहे त्याचे दारच उघडते. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्याला गर्भीय हिमोग्लोबिन म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळजवळ थांबवते आणि प्रौढ हिमोग्लोबिन बनवू लागते. सिकलसेलचा दोष प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये आहे, गर्भीय हिमोग्लोबिनमध्ये नाही, आणि म्हणूनच सिकलसेलग्रस्त बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. ज्यांच्या रक्तात मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन टिकून राहते त्यांना आजाराचा त्रास कमी होतो. भारतातील आणि आखाती देशांतील सिकलसेल रुग्णांत आढळणाऱ्या जनुकीय प्रकारात हे गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकेतील बहुतेक प्रकारांपेक्षा जास्त असते. हायड्रॉक्सियुरिया तेच आणखी वाढवते.

आता जनुकोपचाराने काय केले ते पाहा. बीसीएल-११-ए नावाचे एक जनुक गर्भीय हिमोग्लोबिन बंद ठेवण्याचे काम करते. रुग्णाच्या रक्तमूलपेशी शरीराबाहेर काढायच्या, क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राच्या साहाय्याने या जनुकाला तांबड्या पेशींत चालू ठेवणारा तुकडा कापून निकामी करायचा, मज्जेत जागा करण्यासाठी रुग्णाला बुसल्फान हे औषध द्यायचे आणि दुरुस्त केलेल्या पेशी परत सोडायच्या. या तत्त्वावरील ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. ज्या क्रिस्परच्या शोधासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते तीनच वर्षांत औषध होऊन रुग्णापर्यंत पोहोचले. पण अमेरिकेत त्याची जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर. बुसल्फानमुळे रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागतात आणि केस गळण्यापासून वंध्यत्वापर्यंतचे धोके इथेही आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचा क्रिस्पर-उपचार विकसित केला असून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. जाहीर झाला म्हणजे उद्या गडचिरोलीच्या रुग्णालयात मिळेल असे नव्हे. मधला रस्ता रुग्णांवरील चाचण्यांचा आहे आणि त्याला वर्षे लागतात.

याच जागी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण बाकीचा सल्ला त्यावर अवलंबून आहे. तुमच्या भावाला लागणारा उपचार तुम्ही स्वतः वेळेत शोधून काढाल का? नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षे, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि त्यानंतरचे काही शिक्षण धरले, तर स्वतःचा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने हाताळू लागेपर्यंत तुम्ही तिशी ओलांडलेली असेल. तोवर भाऊ पंचविशीत असेल. त्याचे उपचार आजच्या औषधांवर, आजच्या डॉक्टरांवर उभे राहिले पाहिजेत. त्याच्यासाठी तुम्ही या घटकेला करू शकता त्या गोष्टी म्हणजे ते इंजेक्शन थांबवणे, हायड्रॉक्सियुरियाचा पाठपुरावा करणे आणि एचएलए चाचणीचा प्रश्न विचारणे. या तिन्हींना पीएच.डी. लागत नाही. संशोधन हे त्याच्यासारख्या, अजून जन्मालाही न आलेल्या मुलांसाठी असेल. ही दोन कामे मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, असे मी आग्रहाने सांगते. घरातल्या माणसासाठी घाईने संशोधनात आलेली तरुण मंडळी मी पाहिली आहेत. त्यांची कळकळ खरी असते, परंतु एखादा प्रयोग हवा तसा आला की त्यावर त्यांचा विश्वास फार लवकर बसतो, आणि नको तसा आला की खचतात. प्रयोगाला तुमचा भाऊ कोण ते माहीत नसते.

आता डिप्लोमा. तो करू नका. मी त्या विशिष्ट संस्थेविषयी बोलत नाही; नावात ‘स्टेम सेल’ असलेल्या कोणत्याही अशा अभ्यासक्रमाविषयी बोलते. दीड लाख रुपये भरण्यापूर्वी विचारण्यासारखे प्रश्न असे आहेत: प्रत्येक विद्यार्थ्याला लॅमिनार हुडसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) स्वतः बसून पेशी वाढवायला किती तास मिळतात? शिकवणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत कोणते शोधनिबंध प्रसिद्ध केले? तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणत्या प्रयोगशाळेत आहेत? याची नेमकी उत्तरे देणारी संस्था मला क्वचितच आढळली. आणि उत्तरे चांगली मिळाली, तरीही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी लागते ती एम.एस्सी.; डिप्लोमा तिची जागा घेऊ शकत नाही.

एम.एस्सी. कशात करावी, यावर विद्यार्थी फार काळ घोटाळतात. माझ्या मते जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी काहीही चालेल. महत्त्व आहे ते दुसऱ्या वर्षीच्या प्रकल्पाला आणि तो कोणत्या प्रयोगशाळेत केला याला. प्रवेशाच्या वाटा तीन. जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे; त्यातून निवड झाली तर विद्यावेतनही मिळते. आयआयटी आणि काही राष्ट्रीय संस्थांसाठी जॅम आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. राज्यातील विद्यापीठांचे स्वतःचे प्रवेश वेगळे असतात. शक्य झाल्यास तिन्ही परीक्षा द्या. अभ्यास बहुतांशी एकच आहे. अभ्यासात पेशीविज्ञान, रेणवीय जीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांना सर्वाधिक वेळ द्या, आणि संख्याशास्त्राकडे बहुतेक विद्यार्थी पाठ फिरवतात तशी तुम्ही फिरवू नका.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, साधारण दिवाळीच्या सुमारास, तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज निघतात. दोन महिने देशातील एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते आणि भत्ताही मिळतो. हा अर्ज चुकवू नका. महाराष्ट्रातच पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, जिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, पुरवल्या जातात. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. परळलाच प्रजनन-आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, जिथे मानवी भ्रूणमूलपेशींच्या मालिका तयार करण्यात आल्या. खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. महाराष्ट्राबाहेर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मूलपेशी संशोधन केंद्राचे नाव लक्षात ठेवा. तिथल्या चमूने हिमोफिलिया-ए झालेल्या पाच रुग्णांच्या रक्तमूलपेशींत लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूतून जनुक घालून त्या परत दिल्या, आणि उपचारानंतरच्या काळात त्या पाचही जणांत रक्तस्रावाची एकही घटना घडली नाही. हा निबंध डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिळवून वाचा. पहिल्यांदा वाचताना निम्मे कळणार नाही, तरी वाचा.

पैशांचेही स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या घरात तो प्रश्न विचारला जाणारच. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी किंवा गेट देता येते. नेट अथवा बीईटीमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी वरिष्ठ अधिछात्रवृत्तीत ते ४२,००० होतात. म्हणजे पीएच.डी.च्या काळात तुम्ही घरावर भार असणार नाही. थोडे घरी पाठवूही शकाल. अधिछात्रवृत्ती न मिळता प्रवेश मिळाला, तर तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती किंवा अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती यांचा आधार असतो. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून चारही नावे देत आहे.

प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्यावर तुम्हाला पहिल्यांदा जे शिकावे लागेल ते क्रिस्पर नाही. ते आहे पेशी जिवंत आणि स्वच्छ ठेवणे. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी तीन महिने एका पेशीमालिकेवर काम करीत होते. पेशी दिसायला चांगल्या होत्या, पेशी ज्यात वाढतात त्या माध्यमाचा रंग लालसर होता, गढूळपणा नव्हता. फक्त त्या पूर्वीपेक्षा थोड्या सावकाश वाढत होत्या, आणि मी त्याचेही एक स्पष्टीकरण मनात तयार करून ठेवले होते. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी त्या पेशी डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवल्या. मोठी, गोल, निळी केंद्रके दिसत होती, आणि त्यांच्या बाहेर, जिथे काळोख असायला हवा होता तिथे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बारीक निळे ठिपके पसरलेले होते. मायकोप्लाझ्मा, एक जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे आम्ही माध्यमात घालत असलेल्या पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता. तो आकाराने इतका लहान, की माध्यम गढूळही होत नाही. तीन महिन्यांची सगळी आकडेवारी टाकून द्यावी लागली. तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात. बर्नरजवळ निर्जंतुक हाताने काम करणे, काचपात्राचे झाकण किती उघडायचे आणि किती वेळ, हे तुमच्या हातांना आजच माहीत आहे. जैवतंत्रज्ञानातून आलेल्या पुष्कळ मुलांना ते नव्याने शिकावे लागते. तुमची पदवी या क्षेत्राला जवळची नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका.

पेशींना रविवार नसतो, हेही आधी सांगून ठेवते. प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशी, ज्यांच्या शोधासाठी शिन्या यामानाका यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळाले, त्या वाढवताना बहुधा रोज माध्यम बदलावे लागते. दिवाळीतही. घरी भाऊ आजारी असताना हे कसे निभावायचे, याचा विचार प्रवेश घेण्यापूर्वी करा आणि गाइडशी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोला. चांगले गाइड ऐकून घेतात. ऐकून न घेणारे गाइड कसे ओळखावे, तर त्यांच्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी प्रयोगशाळेबाहेर, चहाच्या टपरीवर बोलून. प्रयोगशाळेची निवड करताना तिच्या नावापेक्षा मी या बोलण्यावर अधिक भर देईन.

या क्षेत्राने मोठी किंमत मोजून शिकलेला एक धडा तुम्हाला सुरुवातीलाच माहीत असावा असे वाटते. गेल्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये, आणि पाठोपाठ लंडनमध्ये, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांच्या रक्तमूलपेशींत रेट्रोव्हायरस या जनुकवाहक विषाणूतून निरोगी जनुक घालण्यात आले. बाळे सुधारली, काचेआडच्या खोल्यांतून घरी गेली. मूलपेशींतील जनुकोपचाराचे ते पहिले ठळक यश होते. मग काही वर्षांत एकूण वीस मुलांपैकी पाच जणांना ल्युकेमिया झाला आणि त्यांतील एक मूल दगावले. वाहक विषाणू गुणसूत्रात जिथे जाऊन बसला होता तिथे शेजारीच पेशींची वाढ चेतवणारे एक जनुक होते, आणि विषाणूमुळे ते जागे झाले. आजचे लेंटिव्हायरस-वाहक, त्यांतील स्वतःला निष्क्रिय करणारी रचना, जनुक कुठे जाऊन बसले ते शोधण्याच्या पद्धती आणि रुग्णाची पंधरा वर्षे पाठपुराव्याने तपासणी करण्याचा दंडक, हे सगळे त्या मुलांच्या आजारपणातून आले आहे. क्रिस्परही नको त्या जागी कापू शकते; ते शोधणे हेच आज अनेकांचे पूर्ण वेळेचे काम आहे.

म्हणून ‘जीन थेरपीतले संशोधन’ म्हणजे केवळ जनुक कापणे, अशी समजूत असेल तर ती थोडी रुंद करा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींत (प्रतिकारशक्तीच्या पेशींत) जनुक घालून त्या परत दिल्या जातात. परदेशातील अशाच उपचारांच्या तुलनेत तो साधारण दहाव्या हिश्श्यात मिळू लागला, आणि त्यामागे विषाणू-वाहक इथेच बनवणे, प्रत्येक रुग्णाच्या पेशींची प्रत तपासणे, गोठवलेल्या पेशी वेळेत पोहोचवणे अशी अनेकांची कामे आहेत. २२ लाख डॉलरचा उपचार भामरागडच्या मुलाला परवडेल असा करणे हा माझ्या दृष्टीने एक अस्सल वैज्ञानिक प्रश्न आहे, आणि तो बोस्टनपेक्षा पुण्यात किंवा वेल्लोरला सुटण्याची शक्यता अधिक आहे.

भाषेविषयी तुम्ही थोडे संकोचून लिहिले आहे. शोधनिबंध इंग्रजीत असतात आणि ते वाचता आले पाहिजेत, यातून सुटका नाही. पण ते इंग्रजी मर्यादित असते, शब्द तेच तेच येतात, आणि वर्षभर आठवड्याला एक निबंध नेटाने वाचला तर अंगवळणी पडते. आधी आकृत्या पाहा, प्रत्येक आकृतीखाली काय मोजले आहे ते स्वतःच्या वहीत मराठीत लिहा, मग निबंधाचा मजकूर वाचा. पबमेड सेंट्रलवर असंख्य निबंध मोफत मिळतात. आणि दुसरी बाजूही पाहा. देशाच्या सिकलसेल निर्मूलन अभियानाने १ जुलै २०२३ रोजी सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. उद्या जनुकोपचाराच्या चाचण्या होतील तेव्हा ज्यांच्यावर त्या होतील त्यांत गोंडी, माडिया, हलबी बोलणारी माणसे असणार. ‘तुमच्या हाडातल्या पेशी काढून, त्यांतला एक भाग कापून परत देणार आहोत, आणि त्यात अमुक धोका आहे’ हे एखाद्या आईला तिच्या भाषेत, तिला खरोखर समजेल असे सांगणे कायद्यानेही आवश्यक आहे आणि ते करू शकणारे शास्त्रज्ञ फार थोडे आहेत. वाहक म्हणजे काय, हे तुमच्या गावात तुम्हाला किती वेळा समजावून सांगावे लागले असेल, याची मी कल्पना करू शकते. तो सराव वाया जाणार नाही.

या महिन्यात करायच्या दोन गोष्टी सुचवते. तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे घालून, स्वतःच्या रक्ताच्या थेंबावर सोडियम मेटाबायसल्फाइटचा ताजा द्रव टाका, वर काच ठेवून कडा बंद करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून थोड्या थोड्या वेळाने पाहत राहा. मेटाबायसल्फाइट प्राणवायू काढून घेते. तुम्ही वाहक आहात, त्यामुळे गोल पेशी हळूहळू वाकताना, टोके काढताना तुम्हाला दिसतील. जे पुढची वीस-तीस वर्षे अभ्यासायचे आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्याच रक्तात पाहून ठेवा.

दुसरे, चंद्रपूरला आयसीएमआरचे हिमोग्लोबिन-विकारांवर संशोधन आणि उपचार करणारे केंद्र आहे. भावाला आणि बाबांना घेऊन तिथे जा. जाताना त्याचे एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या तपासणीचे) जुने अहवाल, आतापर्यंत किती वेळा रक्त चढवले त्याच्या नोंदी, लसीकरणाचे कार्ड आणि सध्याच्या औषधांची पाकिटे सोबत घ्या. गेल्या वर्षभरात कोणत्या महिन्यात किती वेळा दुखले हे आईला विचारून एका कागदावर लिहून न्या. हायड्रॉक्सियुरियाचा आणि एचएलएचा प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहा. बाबांना त्या दवाखान्याबद्दलही डॉक्टरांना विचारू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण उत्तर त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि निघताना तिथल्या संशोधकांपैकी कोणी भेटले, तर एम.एस्सी.च्या सुटीत काही दिवस काम पाहायला येऊ का, एवढे विचारून ठेवा.